मागाच्या खड्ड्यावरच्या फळ्या

"एरंडेलाचा वास येतोय बघा. म्हातारं माणूस हाय ह्या घरात."

बाई नवऱ्याच्या कानाशी बोलली होती, पण आमची पुढची खोली एवढीशी होती की तिथे एकाच्या कानाशी बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. मी आतल्या दाराच्या चौकटीशी चहाचं तबक घेऊन उभी होते. काका खिडकीचे गज हलवून किती घट्ट आहेत ते दाखवत होते. त्यांनी ऐकलं आणि हसले.

"म्हातारं कोण असणार? वैनी हायत, ही पोर हाय. दोघी माझ्याकडं निपाणीला येणार. तुम्ही आज व्हय म्हणा, उद्या तुमचं कुलूप लावा."

"मग वास कसला?"

"इमारत जुनी हाय. जुन्या लाकडाला वास असतोच की."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी कपांकडे पाहिलं. चहा पिऊन ती दोघं गेली, आणि पुन्हा आली नाहीत.

ती गेल्यावर आईने टेबल एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. आम्ही ते भिंतीकडे सरकवलं आणि खालच्या फळ्या एकेक करून उचलल्या. खालच्या खड्ड्यातून आत्तीची वाकळ, तिची लाकडी पेटी, तांब्या आणि शेवटी रहाट वर काढला. रहाटाच्या कण्याला ती एरंडेल लावायची, आणि तेच आपल्या गुडघ्यांनाही. वास लाकडाचा नव्हता.

वडील गेल्यानंतरच्या वर्षी काकांनी घर विकायला काढलं. घर म्हणजे शहापुरातल्या त्या मोठ्या दगडी इमारतीतला तळमजल्यावरचा एक हिस्सा. कोणे एके काळी परगावचे कापडाचे व्यापारी तिथे येऊन उतरायचे. दाराच्या कमानीवर दोन दगडी मोर होते, त्यातल्या एकाला मान नव्हती. पुढे केव्हातरी इमारतीचे भाग पडले आणि सहा बिऱ्हाडं झाली. आमच्या वाट्याला पुढची खोली, आत एक निजायची खोली आणि मागच्या पडवीत चूल. काकांनी पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि कमानीखाली टांगली: घर विकणे आहे, आत निजायची स्वतंत्र खोली, ताबा लगेच. फाटकापलीकडच्या लष्करी कॅम्पातल्या लोकांनाही वाचता यावं म्हणून खाली तेच इंग्रजीत लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं, असं शेजारचे म्हणाले.

ताबा लगेच, ही खरी अडचण होती. त्या निजायच्या खोलीत मी आणि आत्ती निजत होतो.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन खानापूरच्या पलीकडच्या एका गावात गेली होती. नवरा वारला तेव्हा दिराने तिला बैलगाडीतून आणून कमानीखाली उतरवलं आणि आत न येताच गाडी वळवली. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. वडिलांनी तिला कधी जा म्हटलं नाही. ती आसपासच्या विणकरांच्या कांड्या भरून द्यायची. लडीतलं सूत रहाटावर फिरवून बारीक कांडीवर गुंडाळायचं, म्हणजे ती कांडी विणताना इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते. दिवसभर तिचा रहाट आतल्या खोलीत चालू असे.

ती घरात आहे हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, असं काकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

"घरातली विधवा बहीण म्हटली की माणूस पाय मागं घेतंय," ते आईला म्हणाले. "ती हक्क सांगंल, उठणार न्हाय, कोर्टात जायला लागंल, असं वाटतंय लोकांना. आणि दारात पाऊल टाकताना समोर तीच आली तर मग झालंच."

"मग व्यवहार झाल्यावर त्या जायच्या कुठं?" आईने विचारलं.

"दिराकडं धाडू की. त्यांचंच माणूस हाय ते."

आईने चुलीत लाकूड सारलं. तिच्यात बोलायचं बळ उरलं नव्हतं. वडिलांचं दुखणं सात-आठ महिने चाललं होतं आणि त्यात ती एकदम म्हातारी झाली होती. रात्री आडवी होताना ती म्हणायची, "एकदा सुटूया ह्यातनं." कशातून ते कधी सांगायची नाही. मी तिच्याकडे बघत राहिले की चिडायची. "माझ्याकडं असं बघू नकोस गं. मी काय करू? माझं घर हाय व्हय?"

तिचं नव्हतंच. आत्तीचंही नव्हतं, माझंही नव्हतं.

खड्ड्यात सामान ठेवायची कल्पना आत्तीचीच. काका म्हणत होते, शेजारणीकडे ठेवू. पण शेजारणीने कुणाला सांगितलं तर? आत्ती तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खड्डा हाय की. माझा संसार त्यात बसतोय बघ, माप घेऊन केल्यागत."

आमच्याकडे पूर्वी माग होता. शहापुरातला माग जमिनीत खड्डा करून बसवतात. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायाने पावड्या दाबतो. आमचे आजोबा त्या खड्ड्यात पाय सोडून बसले, वडीलही काही वर्षं बसले. मग त्यांना कॅम्पात कारकुनी मिळाली. माग उतरवून दुसऱ्याला दिला, खड्ड्यावर सागवानी फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर माझ्यासाठी टेबल ठेवलं. खड्डा मात्र बुजवला नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्या टेबलाशी बसून अभ्यास करायचे, आणि पाय हलवला की खालून पोकळ आवाज यायचा.

वडिलांनी मला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यावरून गल्लीत बरीच चेष्टा झाली. शहापूर संस्थानात, कॅम्प इंग्रजांचा. मधे रेल्वेचं फाटक. लहान असताना मला आत्ती पोचवायला यायची. तिला शाळेच्या आवारात यायची परवानगी होती, पण ती कधी आली नाही. फाटकाबाहेर एका झाडाखाली आयांच्या आणि गड्यांच्या घोळक्यात बसून राहायची. सोबत सुताची लडी आणायची आणि गुंता सोडवत बसायची. दुपारी सुटल्यावर मी बाहेर आले की म्हणायची, "काय शिकवलं आज मडमांनी?" मी सांगायचे नाही. शाळेत मराठी बोललं की शिक्षा होती, घरी चुकून इंग्रजी शब्द आला की हसायचे. हळूहळू मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. "नको सांगू," आत्ती म्हणायची. "मला तरी कुठं कळणार हाय?" आणि माझं दप्तर काखेत धरून पुढे चालू लागायची.

त्या वर्षी किती लोक घर बघून गेले ते मी मोजलं नाही. एक शिंपी आला, त्याला रस्त्याकडे दुकानाची फळी लावायची होती. ठेकेदाराकडचा एक कारकून आला, त्याने भिंतींवर टिचक्या मारून पाहिल्या आणि ओल आहे म्हणाला. ओल नव्हती. एक तंबाखूवाला काकांच्या ओळखीने निपाणीहून आला, जेवून गेला. आधी निरोप यायचा. मग आत्ती वाकळ घडी करायची, पेटीला कडी लावायची, रहाटाचं चाक काढून बाजूला ठेवायची. मी आणि आई फळ्या उचलायचो. सगळं खाली गेलं की फळ्या परत, टेबल परत, टेबलावर माझी दोन पुस्तकं आणि फुलदाणी. दोरीवरचं तिचं तांबडं लुगडं काढून आईच्या लुगड्यांखाली सारायचं. मग आत्ती मागच्या पडवीतून बाहेर पडून मारुतीच्या देवळात जाऊन बसायची. गिऱ्हाईक गेलं की मी तिला बोलवायला जायचे. ती देवळाच्या कट्ट्यावर भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. उठताना गुडघ्यावर हात ठेवायची.

"घेतलं का गं घर?"

मी मान हलवायचे.

"मग चल. आज बसून बसून कंबर गेली माझी. देव तरी उभा असतोय, बरा."

घरी येऊन पुन्हा टेबल, पुन्हा फळ्या, पुन्हा रहाटाचं चाक जोडायचं. एकदा दिवसातून दोनदा करावं लागलं. दुसऱ्या वेळी आईने फळी हातातून सोडली आणि तिथेच खाली बसली. "असू दे आता," ती म्हणाली. "आज असंच निजा." त्या दिवशी आत्ती माझ्या अंथरुणात निजली. तिच्या पायांना एरंडेलाचा वास होता. ती जागी आहे हे मला कळत होतं. विचारावंसं वाटलं, तू खरंच जाशील का दिराकडे. पण मी विचारलं नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, "खानापूरला रेल्वेनं जायचं म्हणतोय तुझा काका. मी रेल्वेत कधी बसले न्हाय. ते तरी हुईल." आणि हसली. मला हसू आलं नाही.

पावसाळा संपून थंडी पडायला लागली होती तेव्हा काका एका संध्याकाळी निपाणीच्या मोटारीने आले. पायताण काढता काढताच म्हणाले, "उद्या सकाळी एक गिऱ्हाईक हाय, वैनी. वडगावचं. ह्यो घेणार असं दिसतंय, दोनदा निरोप आला त्याचा. आणि दिवस कुठला धरलाय तर अमावास्या! अमावास्येला घर बघायला येतंय, कुठलं येडं हाय कुणास ठाऊक. आपल्याला काय, येऊ दे."

आई पिठलं ढवळत होती. तिचा हात थांबला. तिने आत्तीकडे पाहिलं. आत्ती भिंतीशी बसून कांड्यांची टोपली आवरत होती, ती आवरतच राहिली. आई पुन्हा पिठलं ढवळू लागली.

मला सकाळी कळलं. जाग आली तेव्हा गल्ली गप्प होती. रोज उजाडायच्या आत चारी बाजूंनी मागांची खटखट सुरू व्हायची. त्या दिवशी कुठेतरी कुणी हंडी घासत होतं तेवढंच. अमावास्येला शहापूर-वडगावात माग बंद असतात. विणकराला महिन्यात मोकळा असा तोच एक दिवस. घर बघायचं, सोयरीक बघायची, दुखणेकऱ्याला भेटायचं, सगळं त्याच दिवशी. काका ह्याच गल्लीत जन्मले, ह्याच आवाजात वाढले. पण वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढल्यावर ते विसरून गेले होते. तंबाखूला अमावास्या नसते. येणारा माणूस विणकर आहे, आणि विणकर आधी मागाची जागा बघणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आईने त्यांना सांगितलं नाही. ती पडवीत चूल पेटवत बसली होती. दमली म्हणून सांगितलं नाही, की सांगायचंच नव्हतं, हे मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.

आत्ती न्हाऊन आली. अमावास्येला तिचाही रहाट बंद असायचा. तिने तो पुसला, कण्याला ताजं तेल घातलं. मग नेहमीप्रमाणे आम्ही फळ्या उचलल्या आणि सामान खाली ठेवलं. पेटी, वाकळ, तांब्या, सगळ्यांवर रहाट. फळ्या परत टाकायला मी वाकले तर ती म्हणाली, "थांब की जरा." परसातल्या तगरीची तीन-चार फुलं तिच्या ओंजळीत होती. माग गेला तरी दर अमावास्येला ती एक फळी उचलून खड्ड्यात फूल टाकायची. आजोबा मागाला फूल वाहायचे, ते तिने चालू ठेवलं होतं. आज मधे रहाट होता म्हणून फुलं रहाटावर पडली. तिने हात जोडले.

"झालं. टाक आता."

काका अंगणात दात घासत होते. त्यांनी हे पाहिलं नाही.

"जाते मी," आत्ती म्हणाली. "आज देवळात गर्दी असंल. टेकायला भिंत मिळाली म्हंजे बरं."

वडगावची माणसं दोघं होती, नवरा-बायको. तो उंच, वाकलेला, मागावर बसून बसून पाठीला पोक आलेला. ती ठेंगणी, तरतरीत. दारातच ती कमानीकडे बघून म्हणाली, "मोराची मान कुणी खाल्ली वो?" काका हसले आणि खिडकीच्या गजांकडे वळले. पण तो माणूस खिडकीकडे बघतच नव्हता. तो खोलीच्या मधोमध आला, एक पाऊल टाकलं, थांबला, पुन्हा तेच पाऊल टाकलं. खालून पोकळ आवाज आला. त्याचं तोंड एकदम उजळलं.

"खड्डा हाय न्हवं हितं?"

"हाय," काका म्हणाले, "पण बंद केलाय. तुम्ही आतली खोली बघा आधी. निजायला स्वतंत्र…"

"टेबल जरा सरकवता का?"

"आतली खोली मी बघते वो," त्याची बायको म्हणाली. "ह्यो घर न्हाय बघत, खड्डा बघत फिरतोय. तीन जागा बघितल्या. एकात बुजवलेला, एकाला पाणी लागतंय, एकात कोंबड्या. भाऊ-भाऊ वेगळे झालेत आमच्यात, दुसऱ्याच्या मागावर किती दिवस विणायचं? निजायचं काय, खड्ड्यातबी निजंल ह्यो."

"जुनं सामान भरलंय त्यात," काका घाईने म्हणाले. "साफ करून देतो. पुढच्या खेपेला बघा."

"कोरडा हाय का तेवढं बघतो," तो माणूस म्हणाला, आणि त्याने टेबल सरकवलंसुद्धा. माझी पुस्तकं घसरली, ती मी धरली. फळी त्याने एका हाताने उचलली, मग दुसरी. अशा फळ्या उचलायची त्याला सवय असावी. काका पुढे झाले आणि थांबले. गिऱ्हाइकाचा हात कसा धरणार?

तो गुडघ्यावर बसला. खड्ड्याच्या दगडांवरून हात फिरवला. "कोरडा ठणठणीत हाय गं," तो बायकोला म्हणाला. "दगडी बांधलाय. बघ की."

ती आतल्या खोलीपर्यंत गेलीच नव्हती. नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून तिने पाहिलं. मग खाली बसली, हात खाली घालून रहाटाच्या कण्याला बोट लावलं, बोट अंगठ्यावर घासलं.

"रहाट चालता हाय."

"मोडीत घालायचाय तो," काका म्हणाले. "टाकायचं सामान हाय सगळं ते. आज-उद्या टाकणारच होतो."

"टाकायच्या रहाटावर आजचं फूल कोण वाहतंय?"

तिने तगरीचं फूल उचललं होतं. ते पांढरंशुभ्र होतं, पाण्याचा थेंबही वाळला नव्हता. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, साधं विचारावं तसं तिने विचारलं होतं. तिने फूल पुन्हा होतं तिथे ठेवलं. मग वाकळीकडे पाहिलं, पेटीकडे, तांब्याकडे. एका माणसाचं सामान कळायला वेळ लागत नाही.

"कोण राहतंय वो हितं?" तिने काकांना विचारलं.

"कोण न्हाय. सांगितलं की. ह्या दोघी, आणि त्यापण निपाणीला येणार."

तिने आईकडे पाहिलं. आई पडवीच्या दारात पदराने हात पुसत उभी होती. हात कोरडे होते तरी पुसत होती. तिने मान खाली घातली नाही आणि वरही केली नाही. मला वाटलं, आई आता बोलेल. मग कळलं, तिच्यात जेवढं होतं तेवढं काल संध्याकाळी गप्प बसण्यात संपलं होतं.

विणकर खड्ड्याच्या काठावर बसला होता, एक पाय नकळत आत सोडून. त्याला ती जागा हवी होती. मला त्याचा राग येत नव्हता. तो चांगला माणूस दिसत होता, आणि खड्ड्यात पुन्हा माग बसला असता तर आजोबांना बरंच वाटलं असतं. काका वाईट होते असंही नाही. दर महिन्याला त्या मोटारीत हाडं खिळखिळी करून घेत ते येत होते, त्यांनाही हे एकदाचं संपायला हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं. एका व्हय म्हणण्याचं काम होतं, आणि मग आत्तीला आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसायला मिळालं असतं.

बाई माझ्याकडे वळली. "तू सांग की गं, बाळ. कुणाचं हे?"

"तिला नका विचारू," काका म्हणाले. "ती बोलत न्हाय कुणासंगं. कॅम्पात इंग्रजी शिकलीया, आपल्यात बोलायची सवयच न्हाय तिला."

हे मी अनेकदा ऐकलं होतं. पाहुण्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, मला बघायला आलेल्या लोकांसमोर. दर वेळी ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायचं. त्यानंतर मला कुणी काही विचारायचं नाही. आताही काका माझ्यासाठी तीच वाट मोकळी करून देत होते. पुस्तकं अजून माझ्या छातीशी होती. ती मी टेबलावर ठेवली. शाळेच्या फाटकाबाहेरचं झाड मला आठवलं, आणि झाडाखाली गुंता सोडवत बसलेली ती. शाळेची इतकी वर्षं, कुणी विचारलं असतं की बाहेर कोण बसलंय, तर मी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. कुणी विचारलंच नव्हतं.

आज विचारलं होतं.

"माझ्या आत्तीचं आहे," मी म्हणाले. "ती इथंच राहते, आतल्या खोलीत, माझ्याजवळ. आत्ता मारुतीच्या देवळात बसली आहे, तुम्ही कधी जाताय याची वाट बघत."